हलके कठडे

आयझॅक रेल्फने दुकानातून अ‍ॅल्युमिनियमचे कठडे आणले, तेव्हा त्याची बायको नॅन अंगणातच उभी होती. तिने एक कठडा करंगळीने ढकलून पाहिला. तो सरकला.

"हे मेंढरं कोंडायला आणलेस, की वाटाण्याचे वेल चढवायला?"

"हलके आहेत. माझ्या खांद्याची काय दशा झालीय, ठाऊक आहे ना तुला?"

"स्टीलच्या कठड्याला मेंढरू धडकलं तर टेंगूळ मेंढराला येतं. इथे कठड्याला येईल. आणि खांद्याचं कौतुक मला सांगू नकोस. खालची हिल्डा ट्वेंटीमन सत्तरीची आहे, अजून स्टीलचे दोन-दोन उचलते!"

हिल्डाबाईंचं नाव निघालं आणि आयझॅकची नजर मागे वळली. कारण त्यांचा एडका सध्या त्याच्याच परड्यात होता. आमच्या खोऱ्यात शरदात दुसऱ्याचा जातिवंत एडका हंगामापुरता आणायचा आणि मे महिन्याच्या जत्रेत, चारचौघांदेखत, जसा नेला तसा परत करायचा. त्याला ओरखडा जरी गेला तरी पुढे कोणी एडका देत नाही. एडका नाही तर कोकरं नाहीत, आणि कोकरं नाहीत तर या डोंगरात पाऊस बघत बसण्याखेरीज दुसरा उद्योग नाही. तीन वर्षांपूर्वी एकाने हिल्डाबाईंचा एडका लंगडता करून परत नेला होता. तो आता कोंबड्या पाळतो.

जत्रा शनिवारी होती. गुरुवारी सकाळी आयझॅकने एडक्याच्या पाठीला लाल रंग चोळायला घेतला. रंग लावल्याशिवाय जत्रेत एडका उभा करायची आमच्यात रीत नाही. एकटा एडका बिथरतो, म्हणून सोबत वीस मेंढ्या घेतल्या. घराखालच्या उतारावर आठ कठडे एकमेकांत अडकवून वाडगं उभं केलं. खांदा एकदाही कुरकुरला नाही. आयझॅक खूश झाला. दुकानदाराने कठड्यांसोबत जमिनीत ठोकायच्या खुंट्या दिल्या होत्या, त्या मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतच राहिल्या. चाळीस वर्षं त्याने स्टीलचे कठडे वापरलेले. ते स्वतःच्या वजनानेच उभे राहतात. खुंटी ठोकायची असते, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

रंगाचा डबा घेऊन तो आत शिरला. वरच्या अंगाला त्याची कुत्री टेस मेंढ्यांवर नजर रोखून बसली. तिच्या धाकाने सगळ्या मेंढ्या खालच्या कठड्यांवर रेलल्या आणि वाडगं वीतभर सरकलं.

आधी आयझॅकला वाटलं, आपल्याला घेरी आली. मग वरच्या कोपऱ्याबाहेरचं काटेरी झुडूप वाडग्याच्या आणखी मागे गेलेलं दिसलं.

"टेस! हलू नकोस!"

टेस आज्ञाधारक कुत्री होती. ती हलली नाही, डोळे मात्र आणखी वटारले. मेंढ्यांनी आणखी जोर लावला आणि वाडगं चालू लागलं. चहूबाजूंनी मेंढ्या, मधोमध डबा छातीशी धरलेला आयझॅक. थांबला असता तर तुडवला गेला असता, म्हणून तोही चालू लागला.

"नॅन! अगं नॅन!"

नॅनने खिडकीतून डोकं काढलं. "खुंट्या इथे राहिल्यात!"

"कळलं मला!"

उताराच्या तळाशी हिल्डाबाईंचं फाटक होतं. वाडगं दगडी बांधावर धाडकन आदळलं. घाबरलेल्या एडक्याने गजांमध्ये मुंडकं खुपसलं, हिसका दिला आणि कठडा निखळून त्याच्या गळ्यातच राहिला. स्टीलचा असता तर त्याला पाऊल उचलता आलं नसतं. हा कठडा गळ्यात माळ घालावी तसा मिरवत तो उघड्या फाटकातून थेट हिल्डाबाईंच्या आवारात पळाला. याची मान मोडली तर आपलं सगळं संपलं, एवढंच आयझॅकच्या डोक्यात होतं. लग्नानंतर चर्चची पायरी न चढलेला हा माणूस देवाला नावानिशी हाका मारत मागून धावला.

हिल्डाबाई दारात आल्या. त्यांना पाहताच एडका जागच्या जागी थिजला. त्यांनी शिंग धरून त्याचं डोकं वळवलं, कठडा सोडवला, मानेवरून, खांद्यावरून हात फिरवला. आयझॅकने डोळे मिटून घेतले.

बराच वेळ कोणी ओरडलं नाही. त्याने एक डोळा उघडला. एडका शांतपणे गवत खात होता आणि हिल्डाबाई तो कठडा उजव्या हाताने उचलत होत्या, ठेवत होत्या, पुन्हा उचलत होत्या.

"वजन किती रे याचं?"

"हिल्डाबाई, चूक झाली, पुन्हा कधी..."

"वजन विचारलं मी."

"सात किलो."

हिल्डाबाईंनी रस्त्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. तो खाली येऊ शकतो, हे आयझॅकला आजवर माहीत नव्हतं.

"दोन वर्षं झाली, हा हात खांद्याच्या वर जात नाही. लोकांसमोर दोन कठडे उचलते आणि मग तीन दिवस अंथरूण धरते. मुलाला कळलं तर मेंढरं विकून मला शहरात नेऊन ठेवेल. तिसऱ्या मजल्यावर." त्यांनाही कशाची तरी भीती वाटते, हे पाहून आयझॅक आणखीच घाबरला.

"मी कोणाला सांगणार नाही."

"सांगून बघच! हे कठडे इथेच सोड. माझे स्टीलचे तू ने."

"पण इथे हे कोणी पाहिले तर?"

"माझ्या आवारात पाऊल टाकायची छाती आहे कोणाची?"

ते खरंच होतं.

"जत्रेत मी तुझी बिनपाण्याने करणार. मान खाली घालून ऐकायचं. पुढच्या शरदात एडका पुन्हा तुलाच."

आयझॅक बांधावर टेकला. त्याला रडू येत होतं.

शनिवारी हिल्डाबाईंनी अ‍ॅल्युमिनियमचा, ते वापरणाऱ्यांचा आणि खास करून आयझॅकचा असा काही उद्धार केला की अख्खं खोरं पोट धरून हसलं. रविवारी आयझॅकच्या अंगणात हिल्डाबाईंचे स्टीलचे आठ कठडे ट्रॅक्टरवरून आले. नॅनला त्याने ते बदलून आणले एवढंच सांगितलं होतं. नॅनने त्यातल्या एकावर दणका मारून पाहिला आणि हात चोळला.

"याला म्हणतात कठडे! हिल्डाचे पाय धुऊन पाणी प्यायला हवं. तिने झापलं नसतं तर तुला अक्कल आली नसती."

"हो," आयझॅक म्हणाला.

"मग तोंड का पाडलंयस? पावसाच्या आत उतरव सगळे."