बागेच्या छपराचं खुराडं

माणूस छप्पर बांधतो ते खाली कोणीतरी राहावं म्हणून, हा फार जुना आणि फार पसरलेला गैरसमज आहे. छप्पर हे मुळात शेजाऱ्यांनी पाहावं म्हणून असतं. खाली कोणी राहत असेल तर तो योगायोग समजावा. (असे योगायोग वारंवार घडू लागले की छपराच्या देखभालीत अडथळा येतो, असा जाणकारांचा अनुभव आहे.)

या सत्याचा साक्षात्कार ज्यांना स्वतःच्या परसात झाला, ते गृहस्थ बांधकाम खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. गाव त्यांना हरकतराव म्हणे. अख्ख्या नोकरीत त्यांच्या टेबलावरून एकही नकाशा हरकतीशिवाय पुढे गेला नाही. जिना असला तर तो अरुंद असे. रुंद करून आणला तर आता घर कुठे आहे, असं ते विचारत. एकाने कंटाळून कोरा कागद सादर केला, तर 'भिंती दिसत नाहीत' असा शेरा मारून तोही परत पाठवला. हे दुष्टपणाने नव्हे. इमारत मनातून पडायलाच टपलेली असते आणि आपण नसतो तर निम्मं गाव एव्हाना जमीनदोस्त झालं असतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटे. त्यांच्या कारकिर्दीत गावात एकही नवी इमारत पडली नाही. (उभीही फारशी राहिली नाही, पण तो मुद्दा वेगळा.)

स्वतः मात्र त्यांनी जन्मात काही बांधलं नव्हतं. राहतं घर वडिलांचं होतं. निवृत्तीनंतर रिकामा वेळ मिळाला आणि ही गोष्ट त्यांना दातात अडकलेल्या काडीसारखी टोचू लागली. अशात त्यांची मोठी मेहुणी बंगला सोडून चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि तिच्या कोंबड्या दोन टोपल्यांत बसून हरकतरावांच्या दारात उतरल्या. चौथ्या मजल्यावर त्यांची सोय नव्हती. हरकतरावांनी त्यांची रवानगी तूर्त न्हाणीघरात केली.

'तूर्त' हा शब्द त्यांच्या बायकोच्या चांगलाच ओळखीचा होता. स्वयंपाकघरातला नळ त्यांनी तूर्त सुतळीने बांधला, तेव्हा मुलगी शाळेत जात होती. आता मुलीची मुलगी शाळेत जात होती. म्हणून बायकोने त्याच दिवशी विषय काढला.

"अहो, फार काही नको. चार फळ्या, वर पत्रा, पुढे एक कडी. एका दिवसाचं काम आहे."

'एका दिवसाचं' हे शब्द हरकतरावांच्या जिव्हारी लागले. जन्मातलं पहिलं बांधकाम, आणि ते एका दिवसात?

त्याच आठवड्यात त्यांची दाढ दुखायला लागली, हे स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीने फार बरं झालं. शेजारच्या दंतवैद्याकडे नंबर लागेपर्यंत त्यांनी तिथलं एक मासिक उघडलं, तर त्यात खुराड्याचा रंगीत फोटो होता आणि खुराड्याच्या छपरावर चक्क बाग फुललेली होती. असं छप्पर उन्हाळ्यात थंड राहतं, हिवाळ्यात ऊब देतं, पावसाचं पाणी धरून ठेवतं, मधमाश्यांना आसरा देतं आणि मालकाच्या मनाला शांती देतं, असं खाली छापलं होतं. (कोंबड्यांविषयीचा मजकूर पुढच्या पानावर होता. ते पान कोणीतरी फाडून नेलं होतं.) हरकतराव इतके गुंगून गेले, की दाढ निघाल्याचं त्यांना घरी आल्यावर कळलं.

'आधी कळस मग पाया' असं लोक चेष्टेने म्हणतात. हरकतरावांनी ती रीतसर कार्यपद्धती म्हणून स्वीकारली. आधी बाग काढली, मग बागेखाली छप्पर काढलं, आणि कागदावर जागा उरली तिथे खुराडं बसवलं. सकाळी जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला बसून ते नकाशा काढत, दुपारी पलीकडच्या खुर्चीवर बसून तोच तपासत आणि संध्याकाळी हरकती लावून परत पाठवत. घरचं काम म्हणून गय केली, असं कोणी म्हणायला नको. बायकोला दुपारचा चहा कोणत्या खुर्चीपाशी ठेवावा ते कळेना. अखेर एका दुपारी अर्जदाराचाच संयम सुटला. "तुम्हाला काही उभं राहूच द्यायचं नाहीये का?" असा हरकतरावांचा आवाज तिने स्वयंपाकघरातून ऐकला. मग सही केल्याचा आवाज.

सुतार असा मिळाला, की तो आयुष्यात कोणाला 'नाही' म्हणाला नव्हता. "होईल की," एवढंच त्याचं उत्तर. जन्मभर 'हो' न म्हटलेला माणूस आणि जन्मभर 'नाही' न म्हटलेला माणूस एकत्र आले, की जे घडतं त्याला प्रकल्प म्हणतात.

बागेला माती लागते. मातीखाली खडी लागते, खडीखाली डांबरी कागद लागतो, आणि हे सगळं भिजलं की त्याचं वजन लग्नाच्या वऱ्हाडासारखं क्षणोक्षणी वाढत जातं. तेव्हा खांब जाड हवेत, हे ओघाने आलंच. बाहेरच्या अंगाने जाड केले तर छपराची शोभा जाते, म्हणून ते आतल्या अंगाने जाड करायचं ठरलं. सुतार म्हणाला, होईल की. मग वाऱ्याचा विचार करून आत आडव्या तुळया घातल्या. तुळयांचा विचार करून तिरके टेकू दिले. प्रत्येक हरकतीसरशी खुराडं भक्कम होत गेलं आणि आतली जागा आक्रसत गेली. शेवटी वर हत्ती चढला असता तरी छप्पर कुरकुरलं नसतं. आत एक कोंबडी मावे; तीही मनाचा पक्का निर्धार करून शिरली तर, कारण आत वळायला जागा नव्हती.

पण छप्पर! झेंडू, पुदिना, मऊ गवत, कडेने जांभळ्या फुलांचा वेल. हरकतरावांनी झारीने पहिलं पाणी घातलं. ते मातीत मुरलं, खडीतून झिरपलं आणि पन्हळीतून बारीक धार धरून बरोबर खालच्या बादलीत पडलं. कागदावर जसं दाखवलं होतं तसंच. हरकतराव बादलीशेजारी जमिनीवर बसले. आपण काढलेली रेघ खरोखर वाहते आहे, हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. ते बादली भरेपर्यंत तिथेच बसून राहिले, आणि बायकोने हाक मारली तेव्हा डोळ्यांत माती गेल्याचं त्यांनी सांगितलं.

मग कोंबड्यांची चाचणी झाली. सगळ्यांत थोराड तपकिरी कोंबडीला पुढे करण्यात आलं. ती आत गेली, समोरच्या खांबाकडे थोडा वेळ पाहत राहिली, आणि आली तशीच, शेपटी पुढे करून, मोठ्या इभ्रतीने उलट्या पावली बाहेर आली.

"गेली की," सुतार म्हणाला.

चाचणी यशस्वी धरण्यात आली. मात्र हे चालू असताना बाकीच्या कोंबड्या सुताराने बाहेर टेकवून ठेवलेल्या फळीवरून वर चढल्या होत्या. उकरणं हा कोंबडीचा स्वधर्म आहे, आणि इतकी भुसभुशीत, खतावलेली, कोणी हुसकावणार नाही अशी उंचावरची जमीन त्यांच्या कुळात कोणी पाहिली नव्हती. झेंडू आधी गेला. पुदिना चवीने खाल्ला गेला. वेल मुळासकट खाली लोंबू लागला. बायको मागच्या दारात हात पुसत उभी होती.

"छप्पर आवडलं हो त्यांना," ती म्हणाली.

हरकतराव दोन दिवस जेवले नाहीत. (खाल्लं, पण जेवले नाहीत.) तिसऱ्या दिवशी त्यांनी शांत डोक्याने निष्कर्ष काढला: खुराड्याला ऊन, वारा, पाऊस, घूस आणि बोका या सर्वांपेक्षा मोठा धोका कोंबड्यांपासून आहे. बाग नव्याने लावली आणि खुराड्याभोवती उंच जाळी मारून तिच्या फाटकाला कुलूप घातलं. एरवी खुराड्याची जाळी कोंबड्या आत राहाव्यात म्हणून असते. ही त्या बाहेर राहाव्यात म्हणून होती. कोंबड्या पुन्हा न्हाणीघरात गेल्या. तूर्त.

आता बायको इतके दिवस खांद्यावर टॉवेल टाकून, परसातून पलीकडे दंतवैद्याच्या घरी आंघोळीला जात होती. जाताना रोज त्या छपरासमोरून जावं लागे. त्या दिवशी तिने टॉवेलाबरोबर कपडेही पिशवीत भरले.

"मी ताईकडे चाललेय," ती म्हणाली. "तिच्या न्हाणीघरात माणसं आंघोळ करतात."

हरकतरावांनी तिला थांबवायचा प्रयत्न केला. छपराला तिन्हीसांजेला पाणी कोण घालणार, हा मुद्दा त्यांनी मांडला. तो मांडायला नको होता. ती वळूनही न पाहता गेली.

त्यानंतरचे दिवस त्यांना जड गेले. आंघोळीला बसलं, की कोंबड्या नळावर, बादलीच्या काठावर, खिडकीत ओळीने बसून मान तिरकी करत आणि त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत. त्या दृष्टीत नेमकं काय आहे, ते त्यांच्या चटकन लक्षात आलं. आयुष्यभर ते स्वतः तसंच पाहत आले होते. ते पाठ फिरवून, घाईघाईने, निम्मा साबण अंगावर ठेवून बाहेर येऊ लागले.

अशात परसबाग मंडळाची वार्षिक स्पर्धा जाहीर झाली. मंडळाचे अध्यक्ष शेजारचे दंतवैद्यच होते. गुण तीन गोष्टींना होते: हिरवाई, कल्पकता आणि नीटनेटकेपणा. परीक्षक मंडळी परसात आली आणि छपरासमोर हात मागे बांधून उभी राहिली. आत पाहायला जागा नसल्यामुळे अध्यक्षांनी खिशातून दाढा पाहायचा छोटा आरसा काढला आणि तो दारातून आत सरकवून कोपरा न् कोपरा तपासला.

"आतून एकदम स्वच्छ," ते म्हणाले. "कुठे डाग म्हणून नाही. हे कसं काय साधलंत?"

हरकतराव कधी खोटं बोलत नसत. "वापर टाळून," ते म्हणाले.

मंडळींनी माना डोलावल्या. एकाने ते वाक्य लिहून घेतलं. न्हाणीघराच्या खिडकीतून कलकलाट येत होता, त्याबद्दल एका परीक्षकाने दबक्या आवाजात विचारलं. तो घरगुती प्रश्न आहे, खुराड्याशी त्याचा संबंध नाही, असा खुलासा हरकतरावांनी केला आणि तो सर्वांना पटला. पहिला नंबर एकमताने देण्यात आला.

बक्षीस समारंभ होता त्या दुपारी बायको मोठ्या बहिणीला घेऊन घरी आली. बहिणीला आपल्या कोंबड्या पाहायच्या होत्या. बायकोने तिला न्हाणीघराचं दार उघडून दाखवलं. बहिणीने नाकाला पदर लावून दार हलकेच ओढून घेतलं, आणि तेच बायकोला सहन झालं नाही. परसात प्रकल्पाच्या उरलेल्या फळ्या पडल्या होत्या, सुतार त्यांची मोळी बांधायला आलेला होता.

"चार फळ्या, वर पत्रा, पुढे कडी," बायको म्हणाली. "होईल?"

"होईल की," सुतार म्हणाला. त्याच्यासमोर ठेवलेला चहा निवायच्या आत झालं. आपण कुठेतरी चुकलोय असं वाटून तो हरकतीची वाट पाहत थोडा वेळ उभा राहिला, मग चहा पिऊन गेला. बहिणीने तपकिरी कोंबडीला आत सोडलं. तिने आत एक गिरकी घेतली, सुलट्या पावली दारात येऊन बाकीच्यांकडे पाहिलं, आणि सगळ्या रांगेने आत गेल्या.

हरकतराव बक्षिसाची ढाल घेऊन घरी आले तेव्हा न्हाणीघराचं दार आतून बंद होतं आणि पाण्याचा आवाज येत होता. तो बराच वेळ येत राहिला.

सकाळी त्यांनी मागच्या भिंतीशी ते खोकं पाहिलं. भोवती एक फेरी मारली, मग दुसरी. पाया नाही. पत्र्याचा उतार उलट्या बाजूला. फळ्यांची लांबी सारखी नाही. एवढ्यात आतून कोणीतरी विजयी स्वरात ओरडलं. त्यांनी कडी काढून हात घातला, तर हाताला गरम अंडं लागलं. ते तसंच धरून ते उभे राहिले. मागे बायको ओले केस झटकत आली.

"काय, काही हरकत?"

त्यांनी पुष्कळ विचार केला. "कडी उलटी लागलीय," ते म्हणाले.

"उघडते ना?"

"उघडते."

"मग राहू दे."

आणि त्यांनी ती राहू दिली. नोकरीत असताना असं काही केलं असतं, तर त्यांनी स्वतःचीच चौकशी लावली असती. पण बायको घरी होती, अंडं गरम होतं, आणि त्या दोन्ही गोष्टी हातच्या घालवाव्यात असं त्यांना वाटेना.

पुढे सगळं सुरळीत झालं. बाग खुराड्यावर राहते, कोंबड्या खोक्यात राहतात. लांबलांबून लोक येतात, छपराचे फोटो काढतात. फोटो काढताना हातातल्या पिशव्या ठेवायला खोकं बरं पडतं. गल्लीत आता जवळपास प्रत्येक परसात बागेच्या छपराचं खुराडं आहे. मंडळाच्या ताज्या पाहणीनुसार, दर दहा खुराड्यांपैकी नऊंमध्ये कोंबडी नाही, आणि दहाव्यात जी आहे ती चिनी मातीची आहे. माती किती घालावी, खडी कोणती, वेल कुठून आणला, हे हरकतरावांना शेकडो जणांनी विचारलं. खोक्याची लांबी-रुंदी अजून कोणी विचारलेली नाही.

वाचक याला अपवाद असेल, असं मानायला काही आधार नाही. खोकं चहा निवायच्या आत उरकलं, त्याची मापंही सांगितली नाहीत, तरी कोणाची तक्रार आली नाही. उलट आपल्या गॅलरीत किंवा गच्चीवर असं एखादं छप्पर कुठे बसेल, वर झेंडू बरा की पुदिना, याचा अंदाज एव्हाना मनातल्या मनात घेऊन झाला असेल. घरात कोंबडी नाही म्हणून मागे हटू नये. मंडळाच्या नियमांत तशी अट नाही.