मुळ्याच्या वाफ्यात जीप

यंदा एकही चूक होणार नाही, असं कुनिहिकोने छातीठोकपणे जाहीर केलं होतं. गेल्या वर्षी त्याने बांधलेली जीप दिसायला नवरीसारखी होती, पण दगडावर चढायला लागली की उताणी व्हायची आणि झुरळासारखी चाकं हलवत पडायची!

जीप म्हणजे रिमोटवर चालणारी. खऱ्या जीपच्या एकदशांश मापाची, दोन-सव्वादोन वितींची. तिला कुणी खेळणं म्हटलं, तर कुनिहिको त्या दिवशी जेवत नसे. जपानातल्या शिझुओकाजवळच्या आबे नदीच्या कोरड्या पात्रात दर रविवारी त्याच्यासारखे चाळिशी-पन्नाशीचे पुरुष जमत आणि आपापल्या जीपा गोगलगाईच्या चालीने दगडांवर चढवत. शर्यत वगैरे काही नाही. अडकली नाही, पडली नाही आणि हुबेहूब खरी वाटली, की स्वर्ग हातात!

तेव्हा यंदा सगळे भाग आधी ठरवायचे आणि मगच पहिला स्क्रू विकत घ्यायचा, असा बेत होता. पण भागांचं गणित सासुरवाशिणीच्या रुसव्यापेक्षा अवघड. बॉडी ठरली की पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ठरतं, त्यावरून एक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, आणि एक्सलवरून टायर. टायर जरा मोठे घेतले की ते बॉडीला घासतात, की पुन्हा बॉडीपासून श्रीगणेशा! त्यामुळे रोज संध्याकाळी ओसरीवर बसून तो वाशिओ नावाच्या मित्राशी फोनवर खल करी. आवाज असा, की फोन नसता तरी वाशिओला ऐकू गेलं असतं.

"जुन्या पद्धतीचीच घेतोय, हिरवी! वर काही जड ठेवणार नाही, सगळं वजन खाली. पुढे विंच, अडकली तर दोराने ओढून काढायला, स्टेपनी मागच्या दाराला. गंज? अरे, गंज मी स्वतः लावणार! दाराखाली थोडा, बंपरला थोडा... हो रे, केवढेही दगड असू देत, नदीकाठाने पार वरपर्यंत जाईल!"

कागदी दारापलीकडे त्याचे सासरे तोकुजिरो चहा पीत बसलेले असत. कुनिहिको घरजावई, तेव्हा घर सासऱ्यांचं, ओसरी सासऱ्यांची आणि कानही सासऱ्यांचेच. गंजाचं तेवढं त्यांना कळलं नाही. पण आजकालच्या लोकांना फाटक्या विजारीही आवडतात, तसंच काहीतरी असेल म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. 'पार वरपर्यंत' हे शब्द मात्र त्यांच्या काळजात जाऊन बसले.

म्हाताऱ्याने जन्मभर डोंगरातून चहाची पोती खाली आणली होती. नजर मंदावली तशी, कुणी सांगायच्या आत, त्यांनी आपला गाडीचा परवाना पोलिसांकडे परत केला. बायकोची कबर वरच्या खोऱ्यात, तिच्या माहेरगावी. दरड कोसळून रस्त्याचा शेवटचा टप्पा वाहून गेला होता आणि आता नदीकाठची दगडगोट्यांची वाट तेवढी उरली होती. मुलीची, चिनात्सुची, बुटकी गाडी तिथे पोट घासून थांबे. म्हाताऱ्याचे गुडघे त्याच्याही आधी थांबत. बायकोला भेटून फार दिवस झाले होते आणि तिची आठवण रोज येत होती. पण त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. या घरात तशी रीतच नव्हती. समोरच्याच्या मनातलं ओळखून आपण आधीच करून ठेवायचं, विचारून त्याला अवघडवायचं नाही.

जावयाच्या मनातलं तर स्पष्टच होतं: आपल्याला वर न्यायला तो जीप घेतोय! आता, गाडी उभी करायला जागा आहे हे पोलिसांना दाखवल्याखेरीज त्या देशात गाडी नावावर होत नाही. अंगणात जागा कुठली? तिथे तोकुजिरोंचा मुळ्याचा वाफा होता. त्यांनी एका सकाळी सगळे मुळे उपटले, माती चोपून सपाट केली आणि मुळे शेजारीपाजारी वाटून टाकले. बातमीसकट!

संध्याकाळी चिनात्सु नवऱ्याच्या कानाशी लागली.

"अहो, बाबांनी मुळे उपटले! कोवळे होते हो अजून! काहीतरी बिनसलंय त्यांचं."

"मग विचार ना."

"मी कशी विचारू? तुम्ही विचारा."

"मी? मी घरजावई!"

कुणीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारचे ओकित्सु लाल कागदात गुंडाळलेली साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली घेऊन हजर. "अभिनंदन! चारही चाकांना जोर आहे म्हणे?"

कुनिहिकोची छाती फुगली. इतक्या वर्षांनी गल्लीला त्याच्या छंदाची कदर कळली होती! "चारही! काल इंजिन बसवायचं होतं, पण मी आधी तोल बघतोय."

"इंजिनसुद्धा स्वतः बसवता?" ओकित्सुंनी कमरेत वाकून नमस्कारच केला.

मग सासरे म्हणाले, "जावईबापू, देवळात सांगून ठेवलंय. गाडी झाली की पुजारी तिची पूजा करतील. रस्त्यावर काढण्याआधी झालेली बरी."

कुनिहिकोचे डोळे भरून आले. असा सासरा सात जन्मांत मिळायचा नाही! त्याने झोप कमी करून जीप पुरी केली, गंज रंगवला, आत बोटभर ड्रायव्हरही बसवला.

पूजेच्या दिवशी तोकुजिरो कोट घालून, ओकित्सुंना बरोबर घेऊन आले होते. पुजारी कागदी पट्ट्यांची काठी घेऊन उभे. कुनिहिकोने फडक्याचं गाठोडं सोडलं आणि जीप पायरीवर ठेवली.

पुजाऱ्यांनी फाटकाबाहेर नजर टाकली. "गाडी येतेय मागून?"

"हीच की गाडी!"

ओकित्सुंना एकदम खोकला आला. पुजारी मात्र जातिवंत होते. वाहन ते वाहन! त्यांनी जीपवर काठी फिरवली आणि अपघातांपासून रक्षण व्हावं म्हणून पूर्ण मंत्र म्हटला, एक अक्षर न गाळता. तोकुजिरोंनीही तिथल्या रीतीप्रमाणे देवापुढे वाकून टाळ्या वाजवल्या. मग ते गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू खाली बसले आणि जीपच्या खिडकीतून आत बघू लागले.

"विंच आहे. स्टेपनी आहे. ड्रायव्हरही आहे," ते शांतपणे म्हणाले. "सगळ्याचा विचार केलात, जावईबापू. मी कुठे बसायचं?"

कुनिहिकोच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. वाफा, साके, पूजा! आणि मग त्याला फार लाज वाटली. सूतभर फरकाने टायर कुठे घासेल हे त्याला महिनाभर आधी कळत होतं, आणि एका छपराखाली राहणारा माणूस कुठे अडकलाय हे कळलं नव्हतं.

"बाबा," त्याने विचारलं, "तुम्हाला कुठे जायचं होतं?"

त्या घरात कुणी कुणाला असं सरळ विचारायची ही पहिलीच वेळ. म्हाताऱ्याने वरच्या खोऱ्याकडे बोट केलं.

"तिच्याकडे," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी कुनिहिकोने भाड्याने खरी जीप आणली. घाटापर्यंत झोकात नेली. दगडगोट्यांची वाट आली आणि सगळा झोक उतरला! आजवर त्याने सगळे दगड बाहेर उभं राहून, वरून बघून चढवले होते. आत बसल्यावर दगडच दिसेनात. एक चाक हवेत गेलं, गाडी कलली आणि कुनिहिको "आई गं!" म्हणून स्टिअरिंगला मिठी मारून बसला.

"थांबा!" म्हणत तोकुजिरो दार उघडून उतरले. काठी टेकत ते दहा पावलं पुढे गेले, वळले आणि हात उंचावला. "डावीकडे! आणखी! आता सोडा, सोडा... अहो, ब्रेक कशाला दाबताय? मागे चहाची पोती नाहीत सांडायला! हं, आता उजवीकडे!"

काठी वळेल तशी गाडी वळत होती. दोन पावलं चालायचे, थांबून दम खायचे, दगड निरखायचे आणि पुन्हा काठी उचलायचे. गुडघ्यांची तक्रार त्यांनी एकदाही केली नाही. जीप मुंगीच्या गतीने, एकही ओरखडा न पडता वर पोचली.

कबरीवर पाणी घालून, उदबत्ती लावून तोकुजिरो हात जोडून बसले. कुनिहिको घामाने निथळत मागे उभा होता.

"यायला उशीर झाला गं," म्हातारा बायकोला सांगत होता. "गाडी वर आणणं सोपं नव्हतं. जावई? छे! तो नुसता आत बसला होता."