पाच मिलिमीटर

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. माझं माप चुकत नाही! भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलेली मुलगी मी. कॉलेज सोडताना बाकीच्या मुलींनी रडून रडून फोटो काढले. मी सरांना विचारून प्रयोगशाळेतला एक जुना व्हर्निअर कॅलिपर घरी आणला. त्याने मी पोळीचीसुद्धा जाडी मोजते. आईची पोळी १.८ मिलिमीटर, माझी ३.१. माझ्या पोळीला आई फरशी म्हणते, पण तो वेगळा विषय.

माप आमच्या रक्तातच आहे म्हणा. अल्लीपूरला बाबांचं चाळीस वर्षांपासून किराणा दुकान आहे. महादेवरावांनी पुडी बांधली म्हणजे तिच्यात दाणा इकडचा तिकडे नाही! आता दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा आला, तरी जुनी लोखंडी वजनं फळीवर रांगेने बसलेली असतात. लक्ष्मीपूजनाला आधी त्यांना तेलाचा हात, मग हळदकुंकू. आमच्या काट्यावर संशय घेणं म्हणजे आमच्या कुळावर संशय घेणं!

आणि या किराणावाल्या महादेवरावांकडे एक डर्ट बाईक आहे. हो, तीच ती उंच मडगार्डची, दातेरी टायरची, शर्यतीवाली! पंधरा-सोळा वर्षांपूर्वी नागपूरच्या एका हौशी पोराकडून घेतली. काळ्या मातीचे रस्ते भिजले की बाकीच्या गाड्या जागच्या जागी पुतळे होत, बाबा मात्र पांढरा पायजमा, सदरा आणि टोपी अशा थाटात साखरेचं पोतं मागे बांधून आठवडी बाजाराला निघत. लांबून पाहणाऱ्याला वाटे, शर्यतीत भटजी घुसले!

त्याच गाडीवर ते दर भाऊबीजेला तळेगावला कोकिळाआत्याकडे जात. शंभरेक किलोमीटर. एकदाही खंड नाही. या वर्षी मात्र दिवाळीच्या तीन आठवडे आधी आत्याचा फोन आला, आणि बाबा फोनवर म्हणाले, "यंदा नाई जमत व कोकिळा. गाडीचे पुढचे शॉकअप गेले. लय आपटते. मनगटं धरून येते."

"मग यष्टीनं ये ना, दादा!"

"यष्टीत मले मळमळते."

बाबांना एसटीत मळमळतं हे मला चोवीस वर्षांत पहिल्यांदाच कळलं. पण माझं लक्ष तिकडे कुठे! माझ्या कानात एकच शब्द वाजत होता. शॉकअप!

"बाबा," मी म्हटलं, "भाऊबीजेला तुम्ही गाडीवर तळेगावला जाल. ही माझी गॅरंटी!"

बाबांचा चेहरा पडला. मला वाटलं, आनंदाने माणूस असाही दिसत असेल.

जाम गावच्या चौकात हेमराजभाऊंचं गॅरेज आहे. त्यांच्याकडे एका नव्या मॉडेलच्या गाडीचे पुढचे शॉकअप सुट्टे पडले होते. जाड, चकचकीत, लांब! आमचे जुने त्यांच्यापुढे उदबत्तीच्या काड्या.

"बसतील का, भाऊ?"

"बसवले तर बसतीन," हेमराजभाऊंनी डोकं खाजवलं. "पण ताई, जावई नवा अन् सासर जुनं. कुठंतरी घासनारच!"

मी व्हर्निअर काढला. नळीची जाडी, लांबी, मधल्या दांड्याचा व्यास, सगळं मोजलं. दांडा जाडीला दोन मिलिमीटर कमी भरत होता. त्यावर उपाय म्हणजे हँडलखालचा कोनसेट, म्हणजे ज्या छऱ्यांवर हँडल फिरतं ते बेअरिंग, खालून एका मापाचं आणि वरून दुसऱ्या मापाचं बसवायचं. हेमराजभाऊ माझ्याकडे असे पाहत होते, जसं कुणी बोकडाला पेटी वाजवताना पाहावं.

शेवटी त्यांनी विचारलं, "बसनाऱ्याचं वजन किती?"

हे महत्त्वाचं. गाडीवर माणूस बसला की पुढचं टोक थोडं दबलं पाहिजे. फार दबलं तर गाडी खड्ड्यात आपटते, कमी दबलं तर मनगटांचा भुगा होतो. म्हणून माणसाच्या वजनाप्रमाणे आतली स्प्रिंग निवडायची. त्यांच्याकडे दोन जोड होते, एक कडक आणि एक नरम.

"उद्या सांगते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बाबांना म्हटलं, "काट्यावर उभे राहा."

"कायले?"

"स्प्रिंगसाठी!"

"थांब, सदरा घालून येतो."

"वजनाला सदरा कशाला?"

"दुकानात गिऱ्हाईक येते. उघडा उभा राहू काय?"

दहा मिनिटांनी बाबा आतून आले. सदरा, वरून जाड बंडी, अंगावर शाल. ऑक्टोबरच्या उन्हात! काट्यावर चढले, एक पाय आधी, मग जपून दुसरा. चौसष्ट किलो. मी लिहून घेतलं आणि जामला जाऊन कडक स्प्रिंगा घेतल्या.

शॉकअप चादरीत गुंडाळून मी एसटीने परत निघाले. कंडक्टर दचकला. "काय व ताई, तोफ?"

"शॉकअप."

"मांडीवर घेऊन बसली म्हनून इचारलं. लेकरू असतं तर अर्धं तिकीट होतं!"

अंगणात तीन दिवस गाडी उघडून बसले. पहिल्या दिवशी हँडल बसलं, पण फक्त डावीकडे वळायचं. अशा गाडीवर माणूस तळेगावला नाही, गोल फिरून दुकानातच येणार! दुसऱ्या दिवशी ते दोन्हीकडे वळायला लागलं. तिसऱ्या दिवशी गाडी चाकावर उभी केली, साईड स्टँड लावला, दोन पावलं मागे जाऊन डौलात पाहिलं. नवे शॉकअप लांब. पुढून गाडी चार सेंटिमीटर उंच झालेली. स्टँड मात्र जुनाच, आखूड! गाडी एखाद्या पाहुण्यासारखी आधी थोडी कलली, मग तिने विचार केला, आणि मग आईने अनारशासाठी धुऊन वाळत घातलेल्या तांदळांवर आडवी झाली!

"काय व मयुरी!" आई लाटणं घेऊनच धावली. "माह्या तांदळावर गाडी काऊन झोपवली?"

"आई, गुरुत्वमध्य..."

"तुह्या गुरुत्वमध्याले टाक कढईत!"

स्टँडखाली पाट ठेवून प्रश्न सुटला. आता शेवटची चाचणी. शॉकअपच्या नळीवर प्लास्टिकची एक पट्टी आवळून बांधायची. माणूस बसला की शॉकअप दबून ती सरकते, आणि तो उतरला तरी तिथेच राहते. किती सरकली ते मोजायचं. चौसष्ट किलोला माझा हिशेब पंचावन्न मिलिमीटर सांगत होता.

आईने गाडी मागून धरली. बाबा बसले. अंगात घरचाच साधा सदरा. उतरले. मी मोजलं.

पन्नास!

"पुन्हा बसा."

पन्नास.

"बाबा, नीट बसा ना!"

"अजून कसा बसू व? मांडी घालू?"

"पाच मिलिमीटर कमी येतंय!"

आईने विचारलं, "पाच मिलिमीटर म्हंजे किती?"

"तुरीचा एक दाणा," बाबा म्हणाले. "सोड ना पोरी. दाण्यासाठी कोनी जीव काढते काय? यंदा राहू दे."

दाण्यासाठी आयुष्यभर जीव काढलेला माणूस हे बोलत होता! मला तिथेच थांबायला हवं होतं. पण मी शास्त्रज्ञ ना. मी शॉकअप पुन्हा खोलले. तेल काढून पुन्हा मोजून भरलं. सीलला ग्रीस लावलं. रबर घासत असेल म्हणून रबर बदललं. पन्नास! आकडेमोड केली तर पाच मिलिमीटर म्हणजे बरोबर नऊ किलोचा फरक निघत होता. तो कागद मी चुरगळून टाकला. कारण वजन आमच्या काट्यावर केलेलं, आणि आमचा काटा चुकत नाही. मग चूक हेमराजभाऊंचीच!

फोनवर मी त्यांना इतकं बोलले की भाऊ दुकान बंद करून स्वतः अल्लीपूरला आले. आल्या आल्या काट्यावर उभे राहिले. योगायोगाने चौसष्ट किलो. गाडीवर बसले, उतरले.

पंचावन्न. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

"पाहा ताई," ते हात झटकत म्हणाले. "माह्या स्प्रिंगा खोटं बोलत नाई!"

बाबा ओट्यावर बसून सगळं पाहत होते. हळूच म्हणाले, "म्हंजे हे गाडीबी काटाच हाये म्हन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आईचा आवाज. लक्ष्मीपूजनासाठी वजनांना तेल लावायला घेतलं तर फळीवर तीन वजनं नाहीत! एक पाच किलोचं, दोन दोन-दोन किलोची. अर्थात आळ माझ्यावर.

"तूच नेले असशीन! परवा पाट नेला, काल माही कढई नेली तेल काढाले!"

"मी नाही नेली, आई!"

"मग काय लक्ष्मी स्वतः घेऊन गेली?"

तेवढ्यात बाबा तयार होऊन बाहेर आले. सदरा, बंडी, शाल, टोपी. "चाल," म्हणाले, "आज पाहू तुह्या गाडीकडं." आईने गाडी धरली. बाबा फार सावकाश बसले, उतरले. मी वाकून मोजलं.

पंचावन्न!

मी अंगणात उडी मारली! आईला मिठी मारली, तिच्या हातातलं तेल माझ्या केसांत गेलं. "झालं! सील बसली! बाबा, एक चक्कर मारा! आता मनगटाला गुदगुल्यासुद्धा होणार नाहीत!"

"उद्या मारतो."

"आत्ता! आत्याला व्हिडिओ पाठवायचाय."

मी मोबाइल काढला. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग गाडी सुरू केली. गाडी रस्त्याकडेच्या लिंबाच्या झाडापर्यंत गेली, काय सुंदर गेली! खड्डा आला, पुढचं चाक त्यात उतरून वर आलं, आणि हँडल जागचं हललं नाही. लिंबापाशी वळायला बाबांनी पाय टेकवला. गाडी तर उंच झालेली. पाय थोडा उशिरा पोचला, आणि पोचला तेव्हा त्याने भार घेतलाच नाही. गाडी कलली. बाबांनी ती धरून ठेवली, खूप वेळ धरून ठेवली असं मला वाटलं, आणि मग ते तिच्यासोबतच खाली बसले.

ठण्ण!

आणि मग, ठण्ण. शेवटी, धप्प.

मी धावले. बाबांना लागलं नव्हतं. ते मातीत बसले होते, टोपी बाजूला. बंडीच्या दोन्ही खिशांतून दोन-दोन किलोची वजनं पडली होती. पाच किलोचं त्यांनी कमरेला उपरण्यात बांधलं होतं. गाठ सुटली होती.

नऊ किलो. मी चुरगळलेल्या कागदावर होते तेवढेच.

मोबाइल अजून चालूच होता.

"बाबा," मी म्हटलं, "कधीपासून?"

"पोळ्याच्या आधीपासून." ते वजनावरची माती पुसत होते. "रोज सकाळी दुकान उघडलं की काट्यावर उभा राहतो. रोज थोडं कमी."

"मला सांगितलं का नाही?"

"तुही पीएचडीची मुलाखत होती. मंग म्हटलं दिवाळी होऊ दे." थोडं थांबून म्हणाले, "कोकिळा ओवाळताना आधी गाल पाहते. तिले लगेच समजते. म्हनून शॉकअपचं सांगलं. मले काय मालूम, तू ते दुरुस्तच करशीन!"

आई मागे येऊन उभी होती. ती वजनांकडे पाहतही नव्हती. "दोनदा टाके घालून सदरे आत घेतले मी," एवढंच म्हणाली. "मले वाटलं, तुम्ही आपल्यानं सांगसान."

म्हणजे घरात व्हर्निअर असलेली मी एकटी, आणि न कळलेलीही मी एकटीच!

बाबांनी पाच किलोचं वजन माझ्या हातात दिलं. "चाळीस वर्ष झाले दुकानाले," म्हणाले. "मापात पाप हेच एक. देवाजवळ ठेव, नीट पुसून."

भाऊबीजेला आत्याच एसटीने अल्लीपूरला आली. ओवाळलं. आधी गाल पाहिले. मग ताटात अनारसे वाढत राहिली. त्यांच्यात थोडी माती लागत होती, तरी सगळ्यांनी खाल्ले. नंतरच्या सोमवारी आम्ही बाबांना सेवाग्रामला नेलं. तपासण्या झाल्या, त्यांत गाठ निघाली. त्या दिवसाबद्दल मला विनोदी लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही.

हेमराजभाऊ स्वतःहून नरम स्प्रिंगा घेऊन आले होते. "बदलून देऊ काय, ताई? पंचावन्न किलोच्या हायेत."

मी नको म्हटलं. गाडी चौसष्ट किलोच्या माणसाची आहे. त्या माणसाने गाडीच्या मापाला यायचं, गाडीने खाली यायचं नाही.

म्हणून आता दर रविवारी, औषधं घेऊन झाली की बाबा गाडीवर बसतात. आई मागून धरते. मी आधी त्यांचे खिसे तपासते. गेल्या रविवारी बंडीत दोनशे ग्रॅमचं एक वजन निघालं.

"बाबा!"

"असू दे ना व. तेवढंच."

"दोनशे ग्रॅमनी मिलिमीटरचा दहावा भाग फरक पडतो फक्त."

"पडते ना? मंग झालं!"

मी ते वजन परत त्यांच्या खिशात ठेवलं. ते बसले, उतरले. मी खाली वाकले, व्हर्निअर लावला. पट्टी अठ्ठेचाळीसवर होती.

"किती?" बाबांनी वरून विचारलं.

"पन्नास," मी म्हटलं. "तेवढंच आहे, बाबा. कमी नाही झालं."

व्हर्निअरच्या खुणा फार बारीक असतात हो. वाचताना होते कधी कधी चूक.