दोन ओंजळींचं छत

"माझ्या हातून कागदाची कडसुद्धा दुमडत नाही!" असं बायकोला ठणकावून दादा घरून निघाले, आणि तिथंच दैवानं कान टवकारले.

दादा मॉडेल बनवायचे. आर्किटेक्ट मॅडमनी इमारत कागदावर काढायची आणि दादांनी ती पांढऱ्या पुठ्ठ्यातून उभी करायची. या खेपेला काम होतं नव्या कला संग्रहालयाचं. समितीच्या अध्यक्षांनी आधीची सगळी मॉडेलं नाक मुरडून परत पाठवली होती. "हेही गेलं, तर ऑफिसला कुलूप लावू या, दादा," मॅडम म्हणाल्या होत्या. म्हणून दादांनी या मॉडेलला लेकरागत जीव लावला. खिडक्या नखाएवढ्या, जिने मुंगीनं चढावेत एवढे, आणि छत कसं? तर तळ्यातल्या निजलेल्या पाण्यासारखं सपाट!

बैठकीच्या खोलीला नुकताच रंग दिलेला. पुट्टीची भुकटी अजून हवेत तरंगत होती. दादांनी खुर्च्यांवर पांढऱ्या चादरी घातल्या. मॉडेल बुटक्या स्टुलावर ठेवलं, त्यावरही तसलीच चादर पांघरली. मग घाम पुसला, समाधानाचा सुस्कारा सोडला आणि जवळच्या चादरीवर टेकले.

कर्रर्र!

तो आवाज पुठ्ठ्याचा की काळजाचा, दादांना कळेना. विंचू चावल्यासारखे ते उठले. चादर उचलली. भिंती शाबूत, खिडक्या शाबूत. पण छतावर शेजारी-शेजारी दोन खोलगट खळगे, मधे एक नाजूक उंचवटा! दुरुस्तीला हात घालणार, तोच जिन्यात पावलं वाजली. दादांनी चादर ओढली आणि भिंतीला पालीसारखे चिकटले.

अध्यक्षांनी चादर दूर केली. मॅडमचा चेहरा पुठ्ठ्याहून पांढरा.

"दादा, हे काय?" त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

"मॅडम... हवा दमट आहे."

"वा!" अध्यक्ष ओरडले, तसे दादा जागच्या जागी उडाले. "आभाळाचा उजेड झेलणाऱ्या दोन ओंजळी! इतके दिवस मी हेच शोधत होतो! कल्पना कुणाची?"

दादांच्या पँटला मागून चिकटलेला पुठ्ठ्याचा तुकडा मॅडमनी पाहिला.

"आमच्या दादांची," त्या म्हणाल्या. "बसल्या बसल्या सुचली त्यांना!"

ऑफिस वाचलं, पण दादांची झोप उडाली. आता ते छत खरोखरच उभं राहणार होतं! इंजिनिअर म्हणाला, "खळग्यांत पाणी साठेल, मोठे पाइप घालू." दादांना ऐकू आलं फक्त 'पाणी साठेल'! आभाळात ढग दिसला की दादा साइटवर हजर. जीव मुठीत धरून वर बघत राहायचे.

"काँक्रीट आहे दादा, पुठ्ठा नाही!" इंजिनिअर हसायचा.

दादांना कुठलं हसू? आपण छतावर बसलो ते बसलो. उद्या छत लोकांवर बसलं तर?

छत काही बसलं नाही. उद्घाटनाला सगळे मुख्य दालनात शिरले आणि माना वर झाल्या. ओंजळींची खालची बाजू डोक्यावर लोंबत होती. पांढरीशुभ्र, गोल, गुबगुबीत! दादांची बायको टक लावून बघत राहिली.

"अहो, हे मी कुठंतरी पाहिलंय."

"नसशील गं. चल, तिकडं चित्रं बघू."

"थांबा हो! डावं जरा जास्त फुगीर..."

"हळू बोल, पाया पडतो तुझ्या!"

"अगं बाई! आपला सोफा! तुम्ही बसता तिथं याच मापाचे दोन खड्डे पडलेत!"

मागे अध्यक्ष उभे होते. "काय म्हणालात, वहिनी? सोफा?"

मॅडमना अचानक खोकला आला. दादांनी डोळे मिटून घेतले. संपलं! नोकरी गेली, अब्रू गेली, उरलं ते फक्त वर लोंबतंय!

अध्यक्षांचा आवाज गहिवरला. "म्हणजे मूळ प्रेरणा अजून घरातच आहे?"

हल्ली दादा घरी सतरंजीवर बसतात. कंबर फारच धरली की हळूहळू चालत संग्रहालयात जातात, मुख्य दालनातल्या दोरीपाशी थांबतात आणि आपल्या सोफ्याकडे डोळे भरून पाहतात. नकळत एक पाय दोरीपलीकडे पडतो.

"ओ काका!" पहारेकरी ओरडतो. "पाटी वाचा की!"

पाटीवर लिहिलंय : 'कृपया बसू नये.'