दीड तासाचं नागपूर

थोरली बहीण चंद्रभागा नागपूरला आणि कोंडाजी पगारे नाशिकजवळ आडगावला. दोघांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं. आता दोघंही थकली, तेव्हा तिच्या दारात जाऊन उभं राहायचं असं ठरवून कोंडाजी जन्मात पहिल्यांदा विमानात बसले. सून स्नेहानं मोबाइलवर पाहून सांगितलं होतं, "बाबा, ओझर ते नागपूर हवेतून साडेपाचशे किलोमीटर. दीड तासात पोचाल. एक डुलकी काढा."

डुलकी लागलीच. जाग आली तेव्हा विमान जमिनीवर होतं आणि घड्याळात बरोबर दीड तास झाला होता. पडशानं कानाला असे दडे बसले होते, की लोकांची तोंडं हलताना दिसत होती, आवाज नव्हता. पिशवी उचलून कोंडाजी सगळ्यांच्या आधी बाहेर पडले.

इमारत हुबेहूब ओझरची. त्याचं त्यांना नवल वाटलं नाही. बांधकाम खात्यात कारकुनी करताना पेठपासून नांदगावपर्यंत एकाच नकाशावरची विश्रामगृहं त्यांनी पाहिली होती. पण दारावरचा पहारेकरीही तोच होता, हनुवटीवर मस असलेला, सकाळी त्यांचं आधार कार्ड पाहणारा.

"साहेब, हे नागपूरच ना?"

पहारेकऱ्याचे ओठ हलले. शब्द आला नाही.

रस्त्यावर पांढरट ऊन पडलं होतं. एक ट्रॅक्टर अंगावरून गेल्यासारखा गेला, तोही मुका. पुढं द्राक्षाचे मळे आणि पाटी : नाशिक १८ कि.मी. दीड तास उडालेला माणूस उडाला तिथंच कसा उतरेल? उत्तर एकच होतं. विमान पडलं. आपण गेलो. आत्मा नसतो म्हणून त्यांनी विहारात भाषणं ठोकली होती, आणि आता स्वतःच घराकडे निघाले होते. भीतीपेक्षा लाजच जास्त वाटली.

गच्च भरलेल्या एसटीत कंडक्टर त्यांच्यावरून नजर फिरवून पुढं गेला. तिकीट विचारलं नाही. कोंडाजींनी मान खाली घातली.

घराचं दार उघडं होतं. आत बाया दाटीनं बसल्या होत्या. शेजारची फुलाबाई त्यांचा फोटो पदरानं पुसत होती. बायको विमलाबाई भिंतीला टेकून रडत होती. आपल्यामागं ही इतकी रडेल, असं कोंडाजींना वाटलं नव्हतं.

"विमल," ते हळूच म्हणाले, "मी दिसतो का तुला?"

विमलाबाईंनी अशी किंकाळी फोडली, की कानाचे दडे फटकन सुटले.

"बाबा!" स्नेहा धावत आली. "अहो, नागपूरला धुकं होतं, विमान अर्ध्यातून मागं फिरलं! मोबाइलवर पाहता पाहता गायबच झालं. विमानतळावर फोन केला तर म्हणाले, उतरलेल्यांत पगारे नावाचं कुणी सापडत नाही!"

तेवढ्यात फोन वाजला. विमलाबाईंनी कानाला लावला आणि मुकाट्यानं नवऱ्यापुढं धरला.

"लागला का गं पत्ता त्याचा?" पलीकडून चंद्रभागा विचारत होती.

"अक्का, मीच बोलतोय."



"मेला नाहीस?"

"नाही गं."

"मग अकरा वर्षं फोन करायला काय धाड भरली होती?"

कोंडाजींनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"राहू दे," अक्का नाक ओढत म्हणाली. "आता हलू नकोस तिथनं. मीच येते, रेल्वेनं."