मागचा दांडा

अश्विनीने जीपच्या मागच्या चाकांना जोडणारा स्वे बार काढून टाकला, तेव्हापासून दत्तात्रय पांढरीपांडे मुलीशी कामापुरतंच बोलत होते. कारखान्याच्या तपासणी विभागात तीस वर्षं काढलेला माणूस. वळणावर गाडी कलू नये म्हणून बसवलेला पोलादी दांडा शोभेचा नसतो, हे त्यांचं म्हणणं. डोंगरात तोच नडतो, हे तिचं.

रविवारी नेमकी त्यांची स्वतःची गाडी सुरूच होईना, आणि अश्विनीच्या स्थळाकडचे देवपुजारी नवरा-बायको नागपूरहून येऊन स्टेशनवर उभे. मुलाला रजा नव्हती, म्हणून आधी आईवडीलच आले होते. दत्तात्रयांनी मुकाट्याने जीपची किल्ली उचलली.

पहिल्याच चौकात जीप अशी झुकली की देवपुजारींच्या पत्नी मंजूषाताई मागच्या सीटवर या टोकाहून त्या टोकाला गेल्या. पुढच्या चौकात परत आल्या. संत्राबर्फीचा डबा उघडला तो तिथेच. अवधपुरीतलं घर येईतो दत्तात्रय सायकलच्या वेगाने चालले होते, आणि मंजूषाताई पुढे वाकून त्यांच्या तोंडाला कसला वास येतोय का ते बघत होत्या.

पोहे खाताना देवपुजारींनी जीपच्या झुकण्याचा विषय काढलाच. दत्तात्रयांनी खरं ते सांगून टाकलं.

"मुलीनं काढला? असली कामं करते ती?" मंजूषाताई म्हणाल्या.

दत्तात्रयांना ते झोंबलं. त्यांनी दोन बशा पालथ्या घातल्या, त्यांवर चमचा आडवा ठेवला आणि एक बशी उचलून दाखवली. दांडा असला की एक चाक दगडावर चढताना दुसऱ्यालाही वर ओढतं, आणि ते अधांतरी फिरत राहतं. दांडा काढला की ज्याचं त्याचं चाक आपापली जमीन धरतं. पुढच्या चाकांचा मात्र हवाच, नाहीतर वळणावर गाडी उलटायची. तीन आठवडे ज्याला नावं ठेवली, ते सगळं वडिलांच्या तोंडून ऐकत अश्विनी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली.

घरासमोर पाइपलाइनसाठी रस्ता खणलेला होता. चहा झाल्यावर तिने जीप तिथल्या मातीच्या ढिगाऱ्यावर घालून दाखवली. मागचं एक चाक वर, दुसरं खड्ड्यात, पण दोन्ही जमिनीला टेकलेली. देवपुजारी गुडघ्यांवर बसून बघत राहिले. हे जमलं, असं दत्तात्रयांना वाटलं.

चौथ्या दिवशी मंजूषाताईंचा फोन आला.

"मुलगी चांगली आहे हो. पण आमचे हे आल्यापासून गाडीखालीच आहेत. काल तो दांडा काढलाच त्यांनी. एका घरात असं एक माणूस पुरे. आमच्याकडून नाही समजा."

दत्तात्रय काळजीने म्हणाले, "मागचाच काढलाय ना? पुढच्याला हात लावू नका म्हणावं."