नऊ नंबरचं बटण

ऑर्डरचं पत्र निर्यातरावांनी तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा त्यांना घाम फुटला.

बटणांच्या त्या कारखान्यात निर्यात विभाग म्हणजे एक टेबल, एक संगणक आणि ते स्वतः. म्हणून सगळे त्यांना निर्यातराव म्हणत. प्रत्यक्षात गेल्या सहा वर्षांत कारखान्याचं एकही बटण देशाबाहेर गेलं नव्हतं. समुद्रापलीकडच्या देशात बटणांवर एवढा आयातकर होता, की तिकडच्या शिंप्याला इकडचं बटण घेण्यापेक्षा शर्टाला गाठी मारणं परवडलं असतं. यंदा मात्र दोन्ही देशांत मुक्त व्यापाराचा करार झाला. कर शून्यावर आला. मालकीणबाईंनी निर्यातरावांना केबिनमध्ये बोलावून एवढंच सांगितलं, "आता तरी नावाला जागा."

कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चालत होता. बटणं निवडणाऱ्या चाळीस बायका उरलेले दिवस घरी बसत, नाहीतर दुसरीकडे मिळेल ते काम धरत. निर्यातरावांनी जिवाचं रान करून तिकडच्या वीस व्यापाऱ्यांना नमुन्याची कार्डं पाठवली. प्रत्येक कार्डावर एक ते बारा नंबरांची बटणं. एकोणीस जणांनी पोचही दिली नाही. विसाव्याने लिहिलं होतं: 'नऊ नंबरचं बटण हवं, दोन लाख नग. करसवलतीसाठी माल तुमच्याच देशात तयार झाल्याचा दाखला लागेल. उत्पादन पाहायला मी स्वतः पंधरा दिवसांनी येत आहे.'

सोबत बटणाचा फोटो होता. मधाच्या रंगाचं, आत तपकिरी धाग्यासारख्या रेषा, कडेला बारीक खाच. बटण सुरेखच होतं. फक्त ते त्यांच्या कारखान्यात कधीही बनलं नव्हतं. त्यांचं नऊ नंबर राखाडी, चार भोकांचं आणि कुणी मुद्दाम मागून घेईल असं नव्हतं.

हे कुणाला सांगावं याचा विचार होईपर्यंत मालकीणबाईंनी पत्र वाचलं होतं आणि सगळ्या बायकांना जाहीरही करून टाकलं होतं, की पुढच्या महिन्यापासून सहा दिवस काम. एका बाईने तर दुसरीकडे धरलेलं काम त्याच दुपारी सोडलं.

निर्यातराव घरी आले तेव्हा त्यांची बायको मशीनवर एका झग्याला काजं करत होती. शिवणकाम तिचंच असल्याने नमुन्याची कार्डंही त्यांनी तिच्याकडूनच शिवून घेतली होती.

"अगं, एका कार्डावर हे बटण कुठून आलं?" त्यांनी फोटो पुढे केला.

तिने चष्मा वर केला. "हे होय. एका कार्डाला एक बटण कमी पडत होतं. तुमच्या पिशवीला भोक होतं, त्यातून पडलं असेल. मग माझ्या डब्यातलं लावलं. आईच्या जुन्या कोटाचं आहे. अजून चार आहेत."

"मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्ही 'हूं' म्हणालात."

आपण आयुष्यात कशाकशाला 'हूं' म्हणून बसलो असू, याचा निर्यातराव हिशोब करू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चारांतलं एक बटण मिस्त्रीच्या हातात दिलं. साचे आणि रंग हा मिस्त्रीचा प्रांत. त्याने ते दाताखाली धरून पाहिलं आणि म्हणाला, "करून बघू." पहिली खेप खोकल्याच्या औषधाच्या रंगाची निघाली. दुसरीत रेषा उमटल्या, पण बटणात माशी बुडून मेल्यासारख्या. तिसरी दिसायला हुबेहूब होती आणि सुई घालताच तिचे दोन तुकडे झाले.

तेवढ्यात सरकारी पत्र आलं. दाखला देणारा अधिकारी त्याच दिवशी येणार होता, ज्या दिवशी तो व्यापारी येणार होता. कच्च्या मालापासून बटणापर्यंत सगळं पाहूनच तो शिक्का मारणार. माल बाहेरचा निघाला, तर कारखान्याचं नाव करसवलतीच्या यादीतून कायमचं जाणार.

"मालकीणबाईंना सांगून मोकळे व्हा," बायको म्हणाली.

ते तीनदा सांगायला गेले. पहिल्यांदा मालकीणबाई भिंतींचा रंग निवडत होत्या. दुसऱ्यांदा त्या फोनवर बहिणीला सांगत होत्या, "आमच्या निर्यातरावांनी कमाल केली गं." तिसऱ्यांदा त्यांनी थेट विचारलं, "काय हवंय?" आणि निर्यातराव टाचण्यांची डबी मागून परत आले.

तो दिवस उजाडला. पाहुणा उंच, किडकिडीत आणि अजिबात न हसणारा. सोबत एक दुभाषी बाई. अधिकारी आधीच येऊन, फॉर्म उघडून बसला होता. मिस्त्रीने आपल्या अकराव्या खेपेचा ट्रे आणून टेबलाच्या टोकाला ठेवला आणि निर्यातरावांच्या कानात म्हणाला, "लांबूनच दाखवा. हात लावू देऊ नका."

पाहुण्याने कोटातून ते कार्ड काढलं, नऊ नंबरवर बोट ठेवलं आणि काहीतरी विचारलं.

"हे बटण इथेच तयार होतं का, असं विचारतायत," दुभाषी म्हणाली.

"म्हणजे काय. इथेच," मालकीणबाई म्हणाल्या. "निर्यातराव, सांगा त्यांना."

अधिकाऱ्याने पेनाचं टोपण काढलं. काचेपलीकडे निवडीच्या टेबलांशी चाळीस बायका ठेवणीतले कपडे घालून ताठ बसल्या होत्या. 'हो' एवढा एक शब्द पुरला असता. निर्यातरावांनी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "नाही."

मग त्यांना थांबताच येईना. पिशवीचं भोक, बायकोचा डबा, सासूबाईंचा कोट, सगळं त्यांनी सांगून टाकलं. दुभाषीने मध्येच अडवून विचारलं, "ते 'हूं' म्हणालात म्हणजे नक्की काय म्हणालात?" "चूक माझी आहे," त्यांनी शेवटी सांगितलं. "बाईंना यातलं काही माहीत नव्हतं."

मालकीणबाई मटकन खुर्चीत बसल्या. पाहुण्याने कोटाच्या दुसऱ्या खिशातून एक पाकीट काढलं, टेबलावर ठेवलं आणि हळू आवाजात बोलू लागला.

"हे बटण यांच्या वडिलांच्या कारखान्याचं आहे," दुभाषी सांगू लागली. "तो वीस वर्षांपूर्वी बंद पडला. कार्ड पाहून यांना वाटलं, इथे कुणीतरी नक्कल करतंय. ऑर्डर खोटी होती, तुम्हाला पकडायला दिलेली. तुम्ही हो म्हणाला असतात, तर पाकिटातली ही वकिलाची नोटीस तुमच्या हातात पडली असती."

मिस्त्रीने ट्रे हळूच टेबलाखाली सरकवायला घेतला. तो खरखरला. पाहुण्याने वाकून त्यातलं एक बटण उचललं, उजेडात धरलं, बोटांत दाबलं. त्याचे दोन तुकडे झाले आणि पाहुणा पहिल्यांदाच हसला.

"याला दोन दिवस भट्टीत मंद आचेवर ठेवावं लागतं म्हणतायत," दुभाषी म्हणाली. "रंग मात्र तुम्ही बरोबर पकडलाय. यांच्याकडे वडिलांचे साचे तसेच पडून आहेत, पण ते काम करणारे हात तिकडे उरले नाहीत. इथे बनलं आणि तिकडे कर न भरता गेलं, तर विकलं जाईल. ऑर्डर आता खरी समजा."

सगळे अधिकाऱ्याकडे बघू लागले. त्याने कराराचं जाडजूड बाड काढून बरीच पानं उलटली.

"कच्चा माल कुठला?"

"इथला," मिस्त्री म्हणाला.

"हात?"

मालकीणबाईंनी काचेकडे बोट दाखवलं.

"मग साचा कुठलाही असो, बटण इथलं," अधिकारी म्हणाला आणि पेनाला टोपण लावलं. "पण शिक्का आज नाही. आधी न तुटणारं बटण दाखवा."

पाहुण्याने जाता जाता आणखी एक गोष्ट विचारून घेतली: एवढी वर्षं आपल्या वडिलांची बटणं जपून ठेवणाऱ्या त्या बाईंचं नाव काय.

सगळे गेल्यावर मालकीणबाईंनी निर्यातरावांना केबिनमध्ये बोलावलं. ते हात मागे बांधून उभे राहिले. खिशातून त्यांनी लिहून आणलेल्या राजीनाम्याचं टोक डोकावत होतं.

"तो कागद फाडा," मालकीणबाई म्हणाल्या. "कामाचं बोला. साचे तिकडून आणायचेत. जुने आहेत, एक जरी चेपला तरी संपलं. तिथे बसून प्रत्येक साचा बटणाशी ताडून पारखायचा, पाहुण्यांशी नीट बोलायचं, सगळं बांधून सुखरूप आणायचं. भरवशाचं माणूस हवं."

निर्यातरावांनी शर्टाची कॉलर सारखी केली. "मी तयार आहे, बाई."

मालकीणबाईंनी त्यांच्याकडे अंमळ कौतुकाने पाहिलं.

"ते माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "तुमच्या बायकोचा पासपोर्ट आहे का?"